बिगर अर्जाचं पाणी

सगळ्यात आधी सांगून ठेवते, मी पाईकरावभाऊंवर रागावलेली हाय. अजूनबी. मपला नवरा इस्माईल म्हणतो, "हलीमा, जाऊ दे ना आता, झालं गेलं." काहून जाऊ देऊ? गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत मागच्या भिंती पडल्या, आमचं कापूस पिंजायचं शेड गेलं, आन् हे सगळं झालं एका अर्जापायी. चोरी न्हाई, मारामारी न्हाई. अर्ज! आन् त्योबी काहून, तर सोताच्या घरामागच्या परसात एक हौद बांधू का, एवढं इचारायला. असं कुणी इचारतं का? तुमीच सांगा.

पण माणूस कसा हाय ते आधी ऐका, न्हाईतर तुमाला वाटंल ही बाई नुसतीच कडकड करते.

प्रेमानंद पाईकराव आमचे शेजारी. त्यायच्या आन् आमच्या परसात मधी कमरेएवढी भिंत, तिच्यावरून त्यायची बायको सरिता आन् मी रोज बोलणार. भाऊंची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, आखाडा बाळापूरकडच्या कालव्यावर चौकीदार म्हणून. सायकलवर कालव्याच्या काठानं हिंडायचं, कुणाच्या रानाला पाणी सोडायचं, कुणाचं बंद करायचं, कुणी चोरून पाईप टाकला का ते बगायचं. ज्यानं पाण्याचा अर्ज भरला त्यालाच पाणी. बाकीचे चौकीदार कवा कवा डोळे झाकायचे. हा माणूस न्हाई. सरिताचा सख्खा भाऊ जगन, त्याचं रान कालव्याच्या कडंलाच. एका साली त्याचा गहू ओंबीवर आल्ता आन् अर्ज करायचा राहून गेल्ता. भाऊंनी मेव्हण्याच्या रानात जाणारं पाणी सोताच्या हातानं बंद केलं. जगन पाया पडला म्हणे. हे म्हणले, "पाणी सरकारचं, अर्ज तुझा, मधी मी कोण?"

त्या गव्हाचं काय झालं ते इचारू नका. जगन कैक सालं दारात आला न्हाई.

म्या एकदा सरिताला म्हणलं, बाई, हा माणूस दगडाचा हाय का? तर ती म्हणली, "भाभी, त्यायच्या बापाला गावच्या विहिरीवर चढू देत न्हवते. कुणी वरून ओतलं तर ओंजळीनं प्यायचं, न्हाईतर तसंच तहानेनं घरी यायचं. बाप सांगायचा, आपल्याला पाणी कायद्यानं मिळालं, कुणाच्या मेहेरबानीनं न्हाई. तवापासून ह्यायच्या डोक्यात ते बसलं."  

आता करुणाचं सांगते. करुणा भाऊंची नात, नऊ वर्षाची. बाप भीमराज पुण्याकडं कंपनीत हाय, सणावाराला येतो. आई बाळंतपणातच गेली, आन् जल्मताना लेकराच्या मेंदूला हवा कमी पडली. डोकं एकदम तल्लख, पण पाय ताठ. उभं केलं तर कैचीसारखे एकात एक अडकतात. तोंड मात्र असं चालतं की मलाबी मागं टाकंल. म्या तिच्यासाठी सोता बसून गादी भरली, कापूस तीनदा पिंजून घेतला, आन् ही बया तिच्यावर लोळून म्हणते कशी, "हलीमानानी, तुमच्या गादीत गाठी हायत." म्हणलं, गाठी तुझ्या जिभेला पाह्यजेत!

नांदेडला एक दवाखाना हाय, तिथं हातापायाचा व्यायाम करून घेतात. तिथल्या डॉक्टरीणबाईनं करुणाला एकदा छातीइतक्या कोमट पाण्यात उतरवलं. आन् लेकरू उभं राहिलं. कुणी न धरता! पाण्यानं अंग हलकं होतं म्हणे, पाय सुटतात. चार पावलंबी टाकली. सरिता घरी आली आन् भिंतीवरून मला सांगायला लागली तर तिला धड हसताबी येईना, धड रडताबी येईना. माझंबी तेच झालं.

डॉक्टरीणबाई म्हणली, हे रोज पाह्यजे. वाढीचं वय हाय, आता पायाला सवय लागली तर पोरगी काठी धरून का व्हईना चालंल. हाडं पक्की झाली की मंग अवघड हाय. पण रोज नांदेडला कसं जावं? एस्टीत करुणाला उलट्या होतात, घरी येईस्तोवर अंगात ताप. नदीत एक तर गाळ, न्हाईतर कोरडी वाळू. विहिरीत लेकरू कसं उतरवणार? तवा बाईच म्हणली, "घरीच एखादा हौद करता आला तर बघा."

झालं. भाऊंनी मनावर घेतलं. परसात दिवसभर दोऱ्या लावून बसायचे. एका बाजूनं उतरती फरशी, म्हणजे करुणा हळूहळू पाण्यात जाईल. दोन्ही बाजूला धरायला लोखंडी नळी. खोल बाजूला पाणी तिच्या छातीला लागंल एवढंच. पाणी घरच्या बोअरचं, आन् वापरलेलं लिंबाच्या झाडाला. देविदास मिस्त्रीला बोलावलं, त्यानं जागा बघितली आन् म्हणला, "भाऊ, लई तर आठ-दहा दिवसाचं काम. उद्या खोदायला लागू?"

"उद्या न्हाई," भाऊ म्हणले. "आधी नगरपंचायतीची परवानगी घ्यायची."

देविदास मपल्याकडं बघाय लागला. म्या भिंतीवरून डोकं वर काढलं. "आवं भाऊ, काहून इचारता? वसराम मास्तरनं मागं दोन खोल्या काढल्या, इचारलं का कुणाला? आमी पिंजायचं शेड टाकलं, इचारलं का? आपल्याच परसात खड्डा करायचा, त्याला कसली परवानगी?"

"भाभी, खोली वेगळी आन् पाणी वेगळं," ते म्हणले. "उद्या कुणी तक्रार केली, हौद बेकायदा हाय म्हणून, मंग? पोरगी पावलं टाकायला लागंल आन् मधीच बुजवून टाकतील. ते तिला सोसंल का? एकदाच करायचं, पण पक्कं करायचं. बिगर अर्जाचं पाणी म्या कुणाला देल्लं न्हाई, आन् आता सोताच घेऊ?"

आता ह्याच्यात चूक काय हाय, सांगा. काहीच न्हाई. म्हणून तर डोकं फिरतं.

अर्ज गेला. नकाशा काढून घेतला, टॅक्सची पावती, घराचं खरेदीखत, सगळं बराबर लावलं. कचेरीत बाबू हसला म्हणे. "पोहायचा हौद? काका, वॉटर पार्क काढता का?" त्यायच्याकडं घराचा अर्ज येतो, दुकानाचा येतो, पण असला अर्ज कवा आलाच न्हवता. कोणत्या खात्यात धरायचा त्यालाच चार टेबलं फिरला. गल्लीतबी टिंगल सुरू झाली. वसराम मास्तर, आमच्या पलीकडचे, रिटायर शिक्षक, येता जाता आवाज द्यायचे, "पाईकरावसाहेब, तिकिटाचं काय ठरलं?" भाऊ नुसते हसायचे. करुणा ओट्यावरूनच उत्तर द्यायची, "मास्तर, तुमाला फुकट. पण आंघोळ करून यायचं!"

आन् रोज सांजच्याला भाऊंची सायकल वाजली की तिचा एकच सवाल, "आजोबा, आला का कागद?" घमेल्यात पाणी घेऊन त्यात पाय सोडून बसायची. म्हणायची, सवय करून राहिले.

मंग एका दिवशी इंजिनिअर आली. नवीनच बदली झालेली तरणी पोरगी, बोलायला गोड. करुणानं तिला सगळं दाखवलं, इथून उतरणार, इथं नळी, इथं मी उभी राहणार. ती पोरगीबी खाली बसून ऐकत व्हती. मंग उठून तिनं टेप काढला. रस्त्यापासून मागपर्यंत मोजलं. नकाशा उघडला. परत मोजलं. आन् मंग भिंतीवरून वाकून आमच्या परसात बगाय लागली, तिकडून वसराम मास्तरांच्या खोल्यांकडं. 

"काका," ती म्हणली, "तुमची मागची भिंत कुणी बांधली?"

"घर घेतलं तवा व्हतीच."

मंग तिनं समजावून सांगितलं. ह्या वसाहतीचे प्लॉट पाडले तवा घरांच्या मागं, शाळेच्या मैदानाला लागून, एक लांब पट्टी मोकळी सोडल्याली हाय. गावाच्या पाण्याची मोठी लाईन तिच्यातून जाणार म्हणून. त्या पट्टीवर लाईनीचा हक्क, वर काहीच बांधता येत न्हाई, हौद न्हाई, भिंत न्हाई, साधं शेडबी न्हाई. आता खरं सांगायचं तर पट्टी सुटल्याली जुन्या लोकायला माहीत व्हती. आधी मास्तरांनी भिंत मागं सारली. मंग शेजाऱ्यानं सारली. आमच्याकडं रीतच हाय, एकाची भिंत मागं सरली की दुसऱ्यानं आपली तिच्या रेषेत आणायची, वाकडं दिसू नये म्हणून! अशी सगळी गल्ली मैदानाच्या भिंतीला जाऊन चिकटली. लाईन काय आली न्हाई, आन् लोक इसरून गेले. पाईकरावभाऊंनी घर घेतलं ते असं सरकलेलंच. आयुष्यभर दुसऱ्याची रानं टेपानं मोजणारा माणूस, पण सोताचं परस भिंत बगून धरलं. कवा मोजलंच न्हाई.

"मंग पट्टी सोडून अलीकडं घेतो हौद," भाऊ म्हणले.

तिनं मोजून दाखवलं. पट्टी सोडली, घराच्या पायापासून सोडायचं अंतर सोडलं, तर मधी एक बाज मावंल एवढीच जागा उरत व्हती.

"वर? गच्चीवर?"

"काका, वर तर पत्रे हायत."

तिनं टेप गुंडाळून ठिवला. मंग बारीक आवाजात म्हणली, "आता म्या हे बघितलं, तर मला लिहावं लागंल. सगळ्याच घरांचं." मला वाटलं, आता हा माणूस हात जोडंल, म्हणंल, बाई, नको लिवू, गल्लीचं वाटोळं होईल. तर हा काय म्हणला म्हायतंय का?

"लिवा. बघितलं ते लिवाच."

त्या येळी हातात वाटी असती तर म्या फेकून मारली असती.

नोटिसा आल्या. एकाला न्हाई, रांगेतल्या सगळ्यायला. वसराम मास्तर नोटीस घेऊन पाईकरावांच्या ओट्यावर आले आन् गल्ली गोळा होईल असे ओरडले. "तुझ्या नातीच्या पाण्यापायी मपलं छप्पर जाणार! तुला कुणी सांगितलं व्हतं शहाणपण करायला?" भाऊ हात जोडून उभे.  करुणा आतून बघत व्हती. म्याबी बोलले, कमी न्हाई बोलले. आमचं पोट त्या शेडवर हाय. इस्माईल तिथं कापूस पिंजतो, मी आन् सून यास्मीन गाद्या भरतो, यास्मीनचं रांगतं लेकरू मुबश्शीर तिथंच कापसाच्या ढिगात खेळतं. ते पाडल्यावर आमी जावं कुठं? इतक्या सालात पहिल्यांदा सरिता आन् मी भिंतीवरून बोललो न्हाई.

जगनबी आला. इतक्या सालानंतर. सरिताला वाटलं, आता हा गव्हाचं उट्टं काढणार. तो बसला, चहा प्याला, करुणाच्या डोक्यावरून हात फिरवला आन् गेला. एक शब्द टाकून बोलला न्हाई. भाऊंना तेच जास्त लागलं, दिवसभर जेवले न्हाईत.

मंग एका सकाळी ते मपल्या दारात आले. "भाभी, माझ्याबरोबर कचेरीत चलता का? मी अर्ज मागं घेतो." मला तर वाटलं, चला, सुचलं एकदाचं. आमी दोघं गेलो. भाऊंनी बाबूसमोर हात जोडले, म्हणले, "साहेब, मला हौद नको. मपला अर्ज मागं द्या. मी आलोच न्हवतो असं समजा."

बाबू वाईट न्हवता. त्यानं खुर्ची देल्ली, पाणी देल्लं. मंग म्हणला, "काका, अर्ज मागं घ्या की, आत्ता घ्या. पण नकाशा कसा मागं घेऊ? आता तर नळयोजनाबी मंजूर झाली, लाईन तिथूनच जाणार. आज न्हाई तर उद्या हे निघणारच व्हतं."

"पण आज माझ्यामुळं निघालं ना," भाऊ म्हणले.

 आमी बाहेर आलो. भाऊ सायकलवर बसलेच न्हाईत, घरापर्यंत हातात धरून चालत आले. 

पाडायचं मशीन आलं तो दिवस मी इसरणार न्हाई. एका टोकानं सुरू झालं आन् भिंती अशा पडत गेल्या जसं कुणी पोत्याची शिवण उसवत नेली. मास्तरांनी खोल्यांचे दरवाजे-खिडक्या आधीच काढून ठिवल्या व्हत्या, ते त्यायलाच टेकून बसले. आमचं शेड पाडायच्या आधी पिंजायचं मशीन काढायला पाह्यजे व्हतं, आन् ते काय दोघातिघाचं काम न्हाई. तर भाऊच पुढं झाले. त्यायनं आन् इस्माईलनं, देविदासनं मिळून मशीन उचललं आन् सरळ पाईकरावांच्या पुढच्या खोलीत नेऊन बसवलं. सोताची बाज, कपाट सगळं मागच्या पडवीत टाकलं. म्हणले, "तुमचं शेड होईस्तोवर हिथंच पिंजा." आता माणूस असं वागल्यावर भांडायचं तरी कसं? रोज मी त्यायच्याच घरात बसून गाद्या भरते आन् त्यायच्यावरच रागावते.

पट्टी मोकळी झाली. लाईन टाकायला ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चर खोदला, चांगला रुंद आन् खोल. आन् मंग काम बंद. काहून? तर पाईप आले न्हाईत. येतील म्हणे. चर तसाच उघडा. मंग जुलैत पावसानं झोडपलं आन् चर भरला. खाली मुरूम लागल्याला व्हता, दोन दिवसात पाणी निवळून एकदम नितळ.

करुणाची बाज आता मागच्या पडवीत. समोर भिंत न्हाई. सकाळी तिचा आवाज आला, "आजोबा! आजोबा, माझा हौद आला!"

सरिताचा हात पिठात तसाच राहिला. मी पिंजलेला कापूस टाकून मागं धावले. भाऊ चराच्या काठावर उभे व्हते, हातात काठी. कालव्यावर बगायचे तसं काठी बुडवून त्यायनं पाणी बघितलं. मंग काठी घेऊन करुणाजवळ आले, ओल्या खुणेपर्यंत तिच्या अंगाला लावून बघितली. छातीइतकं.

सरिता तोंड फिरवून म्हणली, "आवं, ते पाणी सरकारचं हाय ना? अर्ज?" टोचून बोलली ती. तिचाबी जीव जळल्याला व्हता.

भाऊंनी पँट गुडघ्यावर दुमडली, लेकराला उचललं आन् चरात उतरले. मी ओरडले, "आवं, येडे झालात का! साप-किरडू असंल!" आन् ओरडता ओरडता मीबी साडी खोचून उतरले, कारण एका बाजूनं कुणीतरी धरायला पाह्यजे ना. पाणी पावसाचं, अंगाला गार लागत व्हतं. करुणाचे दात वाजायले. भाऊंनी हळूच तिला खाली सोडलं.

उभी राहिली, बगा. पाय सुटले. एक पाऊल टाकलं. मंग दुसरं. ती त्यायच्या परसामागून निघाली, आमचं परस ओलांडलं आन् चालत चालत मास्तरांच्या परसामागं गेली. भिंती न्हवत्याच मधी, त्यामुळं सगळी गल्ली आपापल्या मागच्या दारात येऊन बघत व्हती. वसराम मास्तर तोंडात ब्रश घेऊन काठावर उभे. मला वाटलं, आता हे काय बोलतील. ब्रश काढून म्हणले, "पायाखाली बगू नको बाळ. पुढं बग, पुढं."

पाईकरावभाऊ रडून राहिले व्हते. इतक्या वर्षात म्या तो माणूस रडताना बघितला न्हवता.

काठावर आल्यावर म्या सगळ्यायला बजावलं, "पाईप येईस्तोवर हे पाणी करुणाचं. कुणी कचेरीत तोंड उघडायचं न्हाई." सगळ्यायनी माना हलवल्या. मास्तर तर म्हणले, मपल्याकडं जुनी फळी पडलीय, उतरायला टाकू. दुसऱ्या दिवशी सकाळी परत उतरलो. करुणा अजून पुढं गेली. आदल्या रातीला तिला लागलीच झोप लागल्ती, सरिता सांगत व्हती. आमी दोघी पहिल्यासारख्या बोलाय लागलो, फक्त आता मधी भिंत न्हवती.

आन् त्याच दिवशी दुपारी. मी मशीनवर, यास्मीन गादीला टाके घालत. आमचा मुबश्शीर कवा रांगत मागच्या दारातून गेला कुणालाच कळलं न्हाई. भिंत असती तर भिंतीशी थांबला असता. तो चराच्या काठावर पोचून पाण्यात हात घालायला वाकला व्हता. भाऊंनी त्याला झबल्याला धरून उचललं. एवढाच येळ व्हता. यास्मीननं लेकराला छातीशी धरलं आन् आत नेलं.

भाऊंनी पायात चपला घातल्या, खिशातून पेन काढला आन् ओट्यावर बसून लिवायला लागले. म्या वाचलं. मागच्या चरात पाणी साचलेलं हाय, गल्लीत लहान लेकरं हायत, तरी चर ताबडतोब बुजवावा.

मी कागदावर हातच ठिवला. "भाऊ, नका! आमी कुंपण घालू. पाळीपाळीनं राखण करू. मपलं लेकरू हाय ना ते? मी सांगते ना, मी बघंल त्याच्याकडं!"

"भाभी," ते म्हणले, "कालव्यातून म्या ह्या हातानं दोन लेकरं काढली. मेलेली. दोघांच्याबी आया राखणीला तिथंच व्हत्या." त्यायनं मपला हात बाजूला केला, सही केली आन् सायकल काढली.

ज्या कचेरीला हौदाचा अर्ज कोणत्या खात्याचा तेबी कळत न्हवतं, तिथून दुसऱ्या दिवशी सकाळीच मशीन आलं. ड्रायव्हर म्हणला, बुजवा म्हणून वरून फोन आला, पाईप आले की परत खोदू. माती पडायला लागली. पाणी आधी गढूळ झालं, मंग वर आलं, मंग दिसायचं बंद झालं. सगळी गल्ली मागच्या दारात उभी व्हती. मास्तरांनी काढलेली फळी त्यायच्या हातातच व्हती.

करुणा बाजेवरून बघत व्हती. मला वाटलं, आता ही रडंल. ती रडली न्हाई. मशीन गेल्यावर तिनं आजोबाचा शर्ट ओढला.

"आजोबा, ह्या येळी अर्ज केला आन् लगेच आले ना ते? मंग माझ्या हौदाचाबी असाच लिवा ना. जसा आता लिवला, तसा."

पाईकरावभाऊ तिच्याजवळ खाली बसले.  मंग मपल्याकडं बघितलं, मी काहीतरी सांगंल म्हणून.  मपल्या कडंवर मुबश्शीर व्हता, त्याला घट्ट धरून मी नुसती उभी राहिले.